पहिला मासा देवकाचा

फोन आला तेव्हा मी ओसरीत बसून लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते. "मौसी, माय गेली... आज सुबह." देवकाचा मुलगा रायपूरला असतो, बोलताना निम्मा हिंदीत आणि निम्मा आपल्या भाषेत असतो. मी त्याला विचारलं, "जेवली होती का रे?" मेलेल्या माणसाबद्दल कुणी असं विचारतं का? पण माझ्या तोंडून तेच निघालं. तो बिचारा म्हणाला, "चार दिवसांपासून काहीच घेत नव्हती, मौसी." मी फोन ठेवला आणि राहिलेल्या कैऱ्या फोडल्या. सगळ्या फोडल्या. मग मागच्या अंगणात जाऊन भिंतीपलीकडे पाहिलं. तिच्या घराला गेल्या दिवाळीपासून कुलूप होतं, तसंच होतं. काही बदललं नव्हतं, हेच मला चालेना.

त्याला आता पाच आठवडे झाले. लोक म्हणतात, शेजारीण गेली, वाईट झालं. शेजारीण... चला, तेही खोटं नाही.

आम्ही कुडव्याला राहायला आलो ते गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या उन्हाळ्यात. ह्यांची बदली नव्या कचेरीत झाली आणि नागपूर सोडून मी इथं आले. सत्तेचाळीस वर्षांची होते. त्याला काही तरुणपण म्हणत नाहीत, पण अक्कल अजून यायची होती, म्हणून मी ते तरुणपणातच धरते. काय थाट होता त्या बाईचा, म्हणजे माझा! डोळ्यांवर काळा चष्मा, पायात टाचेच्या चपला आणि तोंडात सारखं "आमच्या नागपूरला". आमच्या नागपूरला भाजी अशी मिळते, आमच्या नागपूरला कूलर तसा असतो. रिक्षावाल्यालासुद्धा ऐकवायची. देवकाने मला पहिल्याच दिवशी "मॅडम" म्हटलं. मी खूश. मी ना शाळेत शिकवत होते ना कुठं नोकरीला होते. पुढे कित्येक वर्षांनी तिने सांगितलं, "तुमचा चष्मा पायला, मले वाटलं डोळे आले असन बाईचे. आजारी मानसाले कायले दुखवा, म्हून मॅडम म्हनलं."

आमच्या मागच्या अंगणाला लागून तिचं घर. मधे छातीइतकी भिंत. नवरा रेल्वेत गँगमन, आठवड्यातले चार दिवस लाईनवर. ती मूळची सालेकशाकडची. उन्हाळ्यात तिकडची तळी आटत आली की तिचा भाऊ पहाटेच्या गाडीने ओल्या पोत्यात गुंडाळून मासे आणायचा, रोहू नाहीतर मरळ. त्या पहिल्या मे महिन्यात तिने भिंतीवरून दोन मासे दिले आणि मी ठरवलं, हे आपण भाजायचे. नागपूरच्या एका लग्नात मी लोखंडी जाळीवर भाजलेले मासे खाल्ले होते. तेवढ्या शिदोरीवर मी कामाला लागले. जाळी नव्हती, म्हणून जुन्या कूलरची हिरव्या रंगाची जाळी काढली. ती तीन विटांवर ठेवली. कोळसे पेटेनात, म्हणून वरून रॉकेल ओतलं. भडका उडाला तो थेट पदरापर्यंत. मासा बाहेरून काळा, आतून गुलाबी, वरून रॉकेलचा वास आणि खालून वितळलेला हिरवा रंग. ह्यांनी एक घास तोंडात घेतला आणि ऑफिसची फाईल राहिली म्हणून उठले. रविवार होता.

भिंतीवरून आवाज आला, "का वो मॅडम, मासा भाजून राहिल्या का त्याची चिता पेटवून राहिल्या?"

मी चिडले. म्हणाले, आमच्या नागपूरला असंच भाजतात. "मंग नागपूरची मानसं लय सहनशील असन," ती म्हणाली, आणि भिंतीला लावलेल्या दगडावर पाय देऊन सरळ आमच्या अंगणात उतरली. हातात तिचा चिमटा होता, लांब, एका बाजूने किंचित वाकलेला. तो वाकलेला का, ते मी कधी विचारलं नाही. कितीतरी गोष्टी विचारायच्या राहिल्या.

भाजणं म्हणजे थांबणं, हे मी तिच्याकडून शिकले. शिकले म्हणण्यापेक्षा पाहिलं. बाभळीचं लाकूड ती सकाळीच पेटवायची, कडुलिंबाचं चुकूनही नाही, त्याच्या धुराने तोंड कडू होतं म्हणे. जाळ पूर्ण मरू द्यायचा. निखाऱ्यांना ती इस्तव म्हणायची. इस्तवावर राखेची पांढरी साय धरेपर्यंत माशाला हात लावायचा नाही. तोवर मासा जाड मीठ चोळून सावलीत पडलेला. मग ते मीठ पुसायचं, पोटात लसूण-मिरचीचं वाटण आणि कैरीच्या फोडी भरायच्या, पळसाच्या ओल्या पानांचे दोन पदर गुंडाळायचे आणि ती पुडी थेट इस्तवावर ठेवायची. जाळीबिळी काही नाही. पलटवायचं एकदाच. माझा हात शिवशिवायचा, पाच मिनिटांत चारदा मी चिमट्याकडे जायचे. ती म्हणायची, "त्याले झोपू द्या ना वो. तुमाले कोनी घडी घडी कूस बदलवली त झोप लागन का?" आधी पानाचा वास येतो, मग कैरीचा. माशाचा वास आला की काढायचा. बाहेरचं पान कोळसा झालेलं असतं, आतलं नुसतं मऊ. ते सोललं की वाफ यायची.

आणि इस्तव नेमका झाला की नाही, हे कळायचं नावांनी. ती तळहात इस्तवावर वीतभर उंचीवर धरायची आणि भावंडांची नावं घ्यायची, एका श्वासाला एक. "बिसन... पंचफुला... यादोराव... बेबी." दुसऱ्याच नावाला हात मागे घ्यावा लागला तर इस्तव फार तापट, अजून थांबा. शेवटच्या नावापर्यंत हात टिकला आणि मग चटका लागला की मासा चढवायचा. ही तिच्या आईची रीत. आईला आकडे येत नव्हते, पोरं मात्र रोज संध्याकाळी मोजावी लागत, जंगलातून कोण आलं आणि कोण राहिलं. हात चुलीवर आणि नावं तोंडात. मी विचारलं, "आणि तुझं नाव गं?" तर हसली. "मी त इथंच बसली हाय ना. जे समोर हाय त्याले कायले मोजाचं?"

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले, तिथं येते. इथवर आपली गंमत केली, पुढची गंमत नाही.

त्याच महिन्यात माझी थोरली नणंद आमचं नवं घर बघायला आली. मोठ्या आक्का. तुमसरकडच्या गावात राहणाऱ्या, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की गाय दावं सोडून उभी राही. मी बढाई मारून ठेवली होती की तुम्हाला पानातले मासे खाऊ घालते. बढाई माझी आणि मासे देवकाचे. ती सकाळपासून आमच्या अंगणात खपत होती. मला तिने फक्त पानं धुवायला दिली होती, आणि त्यातलीही दोन मी फाडली. दुपारी पानं मांडली. आक्कांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला आणि तिथूनच ओरडल्या, "मंदे, कोनं भाजलं वो हे?"

देवका मागच्या दारात उभी होती. हातात चिमटा, कपाळावर राख, चेहऱ्यावर ते हसू, जे आपलं काम चांगलं झालंय हे ठाऊक असलेल्या माणसाचं असतं. ती काही बोलणार, इतक्यात मी म्हणाले, "मी भाजलं, आक्का. दुसरं कोण आहे इथं?"

देवका बौद्ध. आक्का जुन्या वळणाच्या. कळलं असतं तर आक्का पानावरून उठल्या असत्या, घरात रामायण झालं असतं, असं मी मनाशी धरलं होतं. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. मीच धरलं आणि मीच बोलले. ह्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी मान खाली घालून माशातले काटे काढले, फार लक्ष देऊन काढले.

देवकाने चिमटा खाली ठेवला. हात धुतले. म्हणाली, "मॅडमचा हात लय चांगला हाय, आक्का. खाजा पोटभर." आणि भिंत चढून गेली. आमच्याकडे जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे वाटीत मासा घेऊन गेले. दारातच उभी राहिली, वाटी घेतली नाही. "शिळा मासा मी खात नाही," एवढंच.

मला वाटलं, संपलं. आता ही बोलणार नाही. पण पुढच्या मे महिन्यात भिंतीवर तिचं डोकं दिसलं. "आक्का येनार हायेत का औंदा?" मी हो म्हटलं. म्हणाली, "भाजून देतो. पाव्हने याच्या आंधी घरी जातो, तुमाले भेव नोको. पन पहिला मासा माझा. अन् तो मी तुमच्या सैपाकघरात बसून खाईन, पाटावर." अशी तिची अट. मी कबूल झाले. करते काय? आणि दरवर्षी तसंच झालं. पाहुणे यायच्या आधी तासभर देवका माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून पहिला मासा खायची, एकेक काटा चोखून, घाई म्हणून नाही. मी सारखी दाराकडे आणि घड्याळाकडे बघत पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तिला ते दिसत होतं. ती दुसऱ्यांदा भात मागायची.

त्याच वर्षी इस्तवावर हात धरून तिने नावं घेतली, "बिसन... पंचफुला... यादोराव... बेबी..." आणि थोडं थांबून, "मंदा." एरवी मॅडम म्हणणारी बाई! मला काय आनंद झाला. मला भावंडांत घेतलं की हिने. मी लाडात म्हटलं, "अगं, पण मी तर समोरच आहे."

"हाय का?" ती म्हणाली, आणि चिमट्याने एक निखारा सरळ केला.

त्या बाईला तेव्हा काही कळलं नाही. चष्मा काळा होता ना.

वर्षं गेली तशी माझी ख्याती वाढली. मंदाकाकूंचे मासे, आजीचे मासे. ह्यांच्या ऑफिसातले लोक नागझिऱ्याला वाघ बघायला म्हणून यायचे, वाघ दिसायचा नाही आणि कुडव्याला येऊन मासे खाऊन जायचे. माझी नात सायली पुण्याहून सुट्टीत यायची. आठ-नऊ वर्षांची असताना तिने एकदा भर पंगतीत विचारलं, "आजी, तुला हे कुणी शिकवलं?" भिंतीपलीकडे देवका कपडे वाळत घालत होती. साडी झटकल्याचा आवाज येत होता. तो थांबला. मी म्हणाले, "बघून बघून शिकले गं." मग साडी पुन्हा झटकली गेली, एकदाच, जोरात.

पहिल्या वेळी मी घाबरले होते, असं म्हणता येईल. ह्या वेळी मला कुणाची भीती होती? सवय झाली होती, बस.

मग हे गेले. हार्ट अटॅक, दुपारी, खुर्चीतच. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, जेवण शेजारून येतं. पहिल्या संध्याकाळी देवका भिंतीवरून नाही, पुढच्या दाराने आली. डोक्यावर टोपलं, त्यात भाकरी, वरण आणि वांग्याचं भरीत. वांगी इस्तवावर भाजलेली. कुणी विचारलं नाही कुणी केलं. मोठ्या आक्का कोपऱ्यात बसल्या होत्या, थकलेल्या, भाऊ गेलेला. त्यांनी भाकरीचा तुकडा भरताला लावून खाल्ला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "मंदे, ह्या हाताचं मीठ मले ओळखू येते. मासे हिचेच होते ना?"

मी वरणाचं भांडं उगाच पुढे सरकवलं.

"मले पहिल्याच साली समजलं होतं," आक्का म्हणाल्या. "तुले मीठ कधी कळलं आहे? मागच्या दारात उभी होती ना ती, राख फासून. म्हनलं, मंदा आता सांगन, मंग सांगन. खाऊन त मी राहिलीच होती." आणि त्यांनी दुसरी भाकरी घेतली.

म्हणजे ज्यांच्या भीतीने मी बारा वर्षं एका बाईला भिंतीवरून चढवलं-उतरवलं, त्या जाणूनबुजून तिच्या हातचं खात होत्या. आक्का उठल्या असत्या की नसत्या, ते मला खरंच माहीत नाही. कदाचित त्यांनीही वयाने शिकून घेतलं असेल. पण ते सोवळं त्यांच्या नावावर खपवलं आणि वापरलं मी. आक्काही पुढच्या वर्षी गेल्या. आता बोट दाखवायला कुणीच उरलं नाही.

त्यानंतर घरात मी एकटी आणि पलीकडे ती एकटी. तिचा नवरा त्याआधीच गेलेला. संध्याकाळी ती ओसरीत येऊन बसायची. मी चहा करायचे, ती म्हणायची फिक्का आहे. टीव्हीवर काहीतरी चालू असायचं. तीन उन्हाळे असे गेले. पाहुणे येईनासे झाले, सायलीचे क्लास सुरू झाले. आम्ही दोघींपुरते दोन मासे भाजायचो. पहिला तिचा, दुसरा माझा. रोज वाटायचं, आज सांगावं. देवका, आक्कांना ठाऊक होतं, भित्री मीच होते. मग वाटायचं, ह्या मे महिन्यात सांगू, इस्तवापाशी बसलो की आपोआप निघेल. इस्तवापाशी बसलो की वाटायचं, कशाला आता, इतकी छान बसली आहे. नावं मात्र ती तशीच घ्यायची. चार भावंडं आणि शेवटी मंदा. तोवर मला त्याचा अर्थ कळला होता, तिच्या लेखी मी समोर नव्हतेच. कळूनही मी गप्प बसले, आणि ती शेवटपर्यंत मला मोजत राहिली.

गेल्या दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. मुलगा न्यायला आला. मी डबा घेऊन गोंदियाच्या स्टेशनवर गेले. ती खिडकीपाशी बसली होती, एवढीशी झालेली. मी खिडकीच्या गजाला धरून म्हटलं, "देवका, एक सांगायचं होतं..." तिने माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की जणू घरी बसून चहाची वाट बघते आहे, कितीही वेळ थांबेल. आणि मी म्हणाले, "गोळ्या वेळेवर घे."

"हव," ती म्हणाली. पिशवीतून चिमटा काढला, माझ्या हातात दिला. "तिकडं गॅस हाय, मले कायले पायजे. बाभळीचंच लाकूड आनजा मॅडम, लिंबाचं नोको." गाडी हलली. मी हात केला. चिमट्यासकट हात केला, लोक बघत होते.

आता हे सगळं कागदावर लिहिते आहे, पुरवणीत छापून येईल, सायली पुण्यात वाचेल, ह्यांच्या ऑफिसातले लोक वाचतील. मासे देवकाचे होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळे. मी पानं धुतली, आणि त्यातलीही दोन फाडली. हे चार जणांत बोलायला मला पंधरा वर्षं लागली, आणि जिच्यासमोर बोलायचं ती नाही. म्हातारपणी शहाणपण येतं म्हणतात. येतं, पण कुलूप लागलेल्या घरी येतं.

मागच्या आठवड्यात मी बाजारातून एक रोहू आणला. सायलीला फोन केला होता, ती म्हणाली, आजी, यंदा नाही गं जमणार. मी म्हटलं, असू दे. सकाळी बाभळीचं लाकूड पेटवलं, मासा मीठ चोळून सावलीत ठेवला. पानं धुतली, ह्या वेळी एकही फाटलं नाही. कुणाला दाखवणार? जाळ मेला, इस्तवावर साय धरली. एकच मासा होता, म्हणजे तोच पहिला. स्वयंपाकघरात पाट मांडून ठेवला होता, का ते विचारू नका.

मग तळहात धरला. बिसन. पंचफुला. यादोराव. बेबी. मंदा. मनात आलं होतं, आता सगळं लिहून टाकणार आहेस, तुझं नाव गाळ की. पण मला मोजायचं की नाही, हे तिने ठरवायचं होतं. तिने ठेवलं होतं, म्हणून मीही ठेवलं. आणि ती आता समोर नाही, म्हणजे रीतीप्रमाणे तिलाही मोजायला हवं. बिसन, पंचफुला, यादोराव, बेबी, मंदा... पुढचं नाव यायच्या आत हात पोळला. मागे घ्यावा लागला. पाच नावांना इस्तव अगदी बरोबर होता, सहाव्याला अजून तापट होता.

मी चिमटा मांडीवर घेतला आणि थांबले.